फुकटचा प्रोग्राम आणि वंदनाचा फोटो

आमचं घर मुळातच संशयी. दूध आलं की आई त्यात बोट बुडवायची, थेंब नखावर धरायची आणि तो ओघळला की काही न बोलता दूधवाल्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तेवढ्यानेच तो बिचारा घामाघूम व्हायचा. धसईच्या बाजारात वांग्यांच्या ढिगातलं वरचं वांगं तिने कधी उचललं नाही. खालचं उपसायची, मग ढीग कोसळो नाहीतर विकणारी बाई कोसळो. बाबा भातसानगरला धरणाच्या ऑफिसात होते. ते घराला कुलूप लावून निघाले की फाटकापासून हमखास परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. मी या दोघांची मुलगी, म्हणजे मी कशी असणार ते सांगायला नको. वर्गातल्या मुली मला शंकेखोर म्हणायच्या आणि मला ते नाव आवडायचं. आमच्या किन्हवलीच्या शाळेतल्या निम्म्या मुली नको तिथे विश्वास टाकून रडत बसायच्या. त्यापेक्षा हे बरं, असं मला वाटायचं.

अशा घरात कॉम्प्युटर आला. बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी जाताना आपला जुना कॉम्प्युटर बाबांच्या गळ्यात मारला. बाबांनी तो गोधडीत गुंडाळून जीपमधून आणला. ठेवायचा कुठे? पुढच्या खोलीत आल्यागेल्याची नजर, स्वयंपाकघरात धूर. शेवटी भाताच्या कणग्या असायच्या त्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं. त्या खोलीला भाताच्या तुसाचा कोरडा वास होता, आणि आजही एखादा जुना कॉम्प्युटर तापला की मला आधी तो वास आठवतो. चालू केल्यावर डब्यातला पंखा असा घरघरायचा की आई वालाचं बिरडं सोलता सोलता आतून ओरडायची, "आत काय दळतोय गो तो? पीठ तर दिसत नाय कुठं!"

कॉम्प्युटर रिकामाच होता. साहेबांनी आपलं सगळं पुसून दिलेलं, आणि यावर बाबांनी त्यांना पहिल्यांदा मनापासून मान दिला. आता त्यात काहीतरी घालायला हवं. लिहायला एक प्रोग्राम, फोटो बघायला एक, आणि व्हायरस लागू नये म्हणून एक. शहापूरच्या दुकानदाराने एक सीडी दाखवली आणि म्हणाला, यात सगळं आहे, अर्ध्या तासात टाकून देतो. बाबांनी विचारलं, "हे तुमचं हाय का?" तो हसला, "साहेब, हे कोणाचंच नसतं." बाबा तिथून उठलेच. चोरीचा माल घरात नको, मी सरकारी नोकर आहे, हे त्यांचं पालुपद घरी येईपर्यंत चाललं. म्हणजे विकतचं परवडत नव्हतं आणि चोरीचं चालत नव्हतं. राहिलं ते राजीखुशीने फुकट दिलेलं, आणि फुकट या शब्दाला आमच्या घरात जेवढी भीती होती तेवढी सापालाही नव्हती.

माझा मोठा भाऊ महेश, म्हणजे दादा, कल्याणला कॉलेजात जायचा. तो तिथून नावं शिकून यायचा. फोनच्या वायरीतून येणारं इंटरनेट घरी आलं होतं, पण ते गोगलगाईच्या चालीचं. एक प्रोग्राम उतरायला बसला की आईची भाकरी थापून, भाजून, आमची जेवणं होऊन जायची. आणि जेवणावर चर्चा. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि मध्ये तो प्रोग्राम, जणू घरात जावई म्हणून कोणाला घ्यायचं ते ठरवतोय.

पहिला आला तो व्हायरस मारणारा. तो फुकट होता, पण रोज संध्याकाळी पडद्यावर लाल चौकट काढून ओरडायचा की तुम्ही धोक्यात आहात, पुढचा प्रोग्राम विकत घ्या. आईने दोन-तीन दिवस ते बघितलं आणि निकाल दिला. "जो रोज भ्या दाखवतो तो वैद्य नाय. तो भगत." भगताच्या अंगात येतं ते कोंबडं मिळेपर्यंतच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो प्रोग्राम गेला. दादाने मग दुसरा आणला, शांत स्वभावाचा. तो एकदा सांगून गप्प बसायचा.

खरी कसोटी लागली ती लिहिण्याच्या प्रोग्रामची. दादाने आणलेला प्रोग्राम काहीच मागत नव्हता. नाव नाही, नंबर नाही, जाहिरात नाही. जगभरातल्या माणसांनी मिळून तो लिहिला आहे आणि कोणालाही आतलं सगळं उघडून बघता येतं, असं दादाने सांगितलं. बाबांनी घास हातात धरून विचारलं, "मग ती लोकं खातात काय?"

"बाबा, सावड समजा," दादा म्हणाला. "आज मी तुमच्या लावणीला, उद्या तुमी माज्या."

"पन आपन कवा गेलो रं त्यांच्या शेतात?"

सावड म्हणजे माणसाच्या बदल्यात माणूस. ज्याने कधी तोंड दाखवलं नाही तो येऊन आपली सगळी लावणी करून गेला तर आपण आभार मानू की बांध मोजून बघू? आम्ही बांध मोजणाऱ्यांतले. काहीच मागत नाही म्हणजे नक्कीच मोठं काहीतरी मागणार, असा ठराव झाला आणि तो प्रोग्राम कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात पडून राहिला. आज मी हे प्रकरण त्याच प्रोग्रामवर लिहिते आहे. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे एक कपभर चहासुद्धा मागितलेला नाही. आणि तरीही तो उघडताना अजून मनात येतंच, की बाबा, तू खातोस काय?

याच सुमाराला आईच्या एका कामाने कॉम्प्युटरला घरात जागा मिळवून दिली. आमच्या भागात मुलीचं लग्न जमवायचं तर माहितीचा कागद आणि फोटो मध्यस्थाच्या हातात द्यायचा. मध्यस्थ ते घेऊन मुलाकडे जाणार. जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर फोटो परत आलाच पाहिजे. परक्या घरात पोरीचा फोटो राहता कामा नये, हा नियम असा कडक की मध्यस्थ फोटो विसरला तर मुलीचा बाप पुन्हा एसटी पकडून तो आणायला जायचा. फोटो परत आला की आई तो देवापुढे क्षणभर ठेवायची आणि मग पेटीत. गावातल्या बायका पोरींचे कागद आणि फोटो सांभाळायला आईकडेच द्यायच्या, कारण आईच्या तोंडून एका घरचं दुसऱ्या घरी जात नसे. आता त्या म्हणू लागल्या, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे, तर पोरीचा कागद छापूनच द्या की, शहापूरला सगळे तसाच देतात.

दादाला इंटरनेटवर नेमका तसाच एक प्रोग्राम सापडला. मराठीत, फुकट. उघडला की वर गणपती, भोवती लाल महिरप, कुलदैवताची जागा, नाडीची जागा, मामाच्या गावाची जागा. फोटो लावायला गोल चौकट. आई पहिल्यांदा खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत राहिली. "ह्यो आपल्यातल्या कोनीतरी केलाय," ती म्हणाली. प्रोग्रामने आमचं नाव, गाव, फोन नंबर विचारला आणि आम्ही तो दिला, कारण घरात शिरणाऱ्याने कोणाच्या तुम्ही, कुठल्या तुम्ही असं विचारणं ही आमच्याकडे माणुसकीची खूण. त्यात भर म्हणजे काही दिवसांनी खरोखरच फोन आला. मधाळ आवाजाची बाई होती. ताई, प्रोग्राम कसा वाटला, काही अडचण नाही ना, अजून कोणाला हवा असेल तर सांगा. आईने तिला जेवलीस का म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर आमच्याकडे बघून म्हणाली, "याला म्हनतात विचारपूस. नायतर तुमचा तो सावडवाला! मुका."

मला त्या बाईचा आवाज आवडला नव्हता, पण मला कोणाचाच आवडत नसे, त्यामुळे घरात माझ्या नापसंतीला काही भाव नव्हता.

मी कागद करू लागले. दुपारी बायका यायच्या, कणग्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसायच्या, आणि मुलगी लाजत मागे उभी. आई चहा टाकायची. आणि इथे आम्ही आमचा नियम कॉम्प्युटरला लावला, याचं त्या वेळी आम्हाला केवढं कौतुक! मुलीचं लग्न ठरलं की तिच्या घरच्यांना बोलवायचं, त्यांच्यासमोर पडद्यावर तिचा कागद काढायचा, फोटोसकट पुसायचा आणि ती कचऱ्याची टोपलीही रिकामी करून दाखवायची. "पुसला, बगा," आई म्हणायची, आणि ती माणसं फोटो हातात परत मिळाल्यासारखी समाधानाने घरी जायची. पेटीतल्या फोटोला एकच अंग असतं, तो इथे असला की तिथे नसतो. कॉम्प्युटरमधला फोटो इथून पुसला तरी तिथे असू शकतो, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. वांग्याचा ढीग उपसणाऱ्या बाईच्याही नाही.

वंदना आमच्या शेजारची, माझ्याहून थोडी मोठी. भात झोडताना तिचा हात बघत राहावा असा, आणि जीभ त्याहून चलाख. तिचा कागद मीच केला होता. पिवळ्या साडीतला फोटो होता, तिच्याच अंगणातल्या जास्वंदीपाशी काढलेला. मुरबाडजवळच्या एका घराशी जमलं. मुलगा नीलेश, तिथल्याच कारखान्यात कामाला, घरी शेती, चुलते मोठे बोलके. सुपारी फुटली. वंदनाचे वडील, पांडूकाका, आमच्याकडे येऊन तिचा फोटो पुसून घेऊन गेले, आईच्या हातची घावनं खाऊन. वंदना त्या दिवसांत नळावर भेटली तरी उगाच हसायची. मला नीलेशविषयी संशय होता, पण तो मी बोलून दाखवला नाही. कोणाचंही लग्न ठरलं की मला मुलाविषयी संशय यायचाच.

साखरपुड्याची साडी घेऊन झाली आणि एका सकाळी पांडूकाका आमच्या पडवीत येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. मध्यस्थाने निरोप आणला होता. तुमच्या मुलीचं स्थळ अजून उघडंच आहे, फोटो आणि माहिती कॉम्प्युटरवर दिसते, फोन नंबरसकट. सुपारी फोडून पुन्हा बाजार मांडलाय का? येऊन खुलासा करा, नाहीतर साखरपुडा राहू द्या.

"वैनी," पांडूकाका आईला म्हणाले, "तुमी माज्यासमोर पुसला होता."

"पुसला होता भावजी. देवाशपथ."

"मग?"

दुपारपर्यंत गावभर झालं. कागद करून घेतलेल्या पोरींच्या आया एकेक करून आल्या, पण यावेळी बसल्या नाहीत. एकीने तर मला विचारलं, "किती मिळालं गो उज्वला तुला?" मी रडले नाही, पण ते वाक्य मला आजही विसरता आलेलं नाही. ज्या घराने आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, त्या घरावर आता सगळं गाव संशय घेत होतं, आणि आम्हाला त्याची अजिबात सवय नव्हती. आई तर बाजारालाही गेली नाही.

दादा आणि मी त्या प्रोग्रामच्या मागे लागलो. सुरू करताना त्याने एक लांबलचक इंग्रजी पान दाखवलं होतं आणि खाली ‘मान्य आहे’ असं मराठीत. मराठीत होतं तेवढं आम्ही वाचलं होतं. आता दादाने शब्दकोश घेऊन ते पान ओळीओळीने सोडवलं. मध्येच कुठेतरी, सुकटीत खडा असावा तसं, एक वाक्य होतं की भरलेली सगळी माहिती आम्ही आमच्याकडे घेऊ आणि आमच्या साइटवर इच्छुकांना दाखवू. तिने मागितलं ते सगळं भरलं, तेव्हा ती साइट उघडली. आधी महिरप उतरली, मग गणपती, मग एकेक मुलगी. आमच्या कणग्यांच्या खोलीत लाजत उभ्या राहिलेल्या सगळ्या. पिवळ्या साडीतली वंदना सगळ्यांच्या वर. आईने पदर तोंडाला लावला आणि "बंद कर, बंद कर ते," असं म्हणत राहिली, जणू बंद केल्याने ते बंद होणार होतं. त्या मधाळ बाईच्या नंबरावर दादाने फोन केला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

आता माझी मुलगी मोबाइलवर रोज नवीन काहीतरी फुकट उतरवते आणि मी तिच्या खांद्यावरून डोकावते. हे कोणी बनवलंय, त्याचं पोट कशावर चालतं, अंधारात बॅटरी लावायच्या प्रोग्रामला तुझ्या मैत्रिणींचे नंबर कशाला हवेत, त्याच्या स्वतःच्या दारातून आणलंस की मधल्या कोणा दलालाकडून? ती वैतागते. आई, तू पोलिसात भरती का नाही झालीस, म्हणते. मी तिला वंदनाचं सांगितलेलं नाही. थोडी मोठी झाली की सांगेन.

तर त्या वेळी खुलासा करायला मुरबाडला जायचं ठरलं. पांडूकाका, आई आणि कॉम्प्युटरचं समजावायला मी. निघताना वंदना चप्पल घालून उभी. मुलीने स्वतः खुलासा द्यायला सासरच्या दारात जायचं ही आमच्याकडची रीत नव्हे. पांडूकाका तिला घरात ढकलत होते आणि ती म्हणत होती, "फोटो माजा हाय ना? मग मी येनार." एसटीत ती खिडकीशी बसली.

नीलेशच्या घरी पडवीत सतरंजी घातली होती. चहा आला नाही. पाणी आलं. नीलेश खांबाला टेकून, त्याची आई दाराआड, आणि चुलते खुर्चीवर. आईने सगळं सांगितलं. प्रोग्राम, गणपती, मधाळ बाई, इंग्रजी पान. माझ्या आईला कोणापुढे आवाज खाली करून बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "यात पोरीचा काय बी दोष नाय," ती म्हणाली. "आमच्या घरातनं झालं. काय बोलायचं ते आमाला बोला."

चुलत्यांनी मान हलवली. "वैनी, तुमी सांगताय ते खरं पन असंल. पन आमी कसं मानायचं? फुकटच्या प्रोग्रामनं केलं म्हने! उद्या कोनी पन सांगंल. आमी काय ऐकीव बोलत नाय. परवा रात्री मी ह्या डोळ्यांनी बगितला. पहिलाच फोटो हिचा!"

पांडूकाकांची मान खाली गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वंदना बोलली. आवाज चढला नव्हता, नळावर बोलायची तसाच.

"काका, परवा तुमी तिथं कशाला गेला होता?"

"कुठं?"

"त्या साइटवर. तिथं लग्नाच्या पोरींशिवाय काय नाय. ही उज्वला बोलते, आत शिराया आधी नाव टाकाया लागतं, मुलाचं वय, शिक्षण, कशी पोरगी पायजे ते. मग पोरी दिसतात." ती नीलेशकडे वळली. "कोनाचं नाव टाकलं होतं?"

मी हे तिला सांगितलं होतं खरं, साइट उघडताना आम्हालाही ते सगळं भरावं लागलं होतं म्हणून. पण त्याचा अर्थ माझ्या शंकेखोर डोक्यात शिरला नव्हता. मी प्रोग्राम, त्याचं पान, ती बाई, सगळ्यांवर संशय घेतला होता. तो फोटो बघणाऱ्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नव्हतं.

नीलेश खांबावरून सरळ झाला आणि चुलत्यांकडे बघू लागला. चुलते म्हणाले, "अगं, ते आपलं सहज... लग्न होईस्तोवर मानूस बगतोच चार ठिकानी." दाराआडून नीलेशची आई पटकन म्हणाली, "भावजी, तुमी गप बसा." पण व्हायचं ते झालं होतं.

"बाबा, चला," वंदना म्हणाली.

येताना एसटीत आईचा बांध फुटला. तिने त्या प्रोग्रामला, त्या बाईला, दादाला, कॉम्प्युटर देणाऱ्या साहेबांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. मोडलं, पोरीचं मोडलं, म्हणून डोळे पुसले. पांडूकाका खिडकीबाहेर बघत होते. वंदनाने आईचा हात धरला. "काकी, नको गो रडू. लगीन झाल्यावर कळलं असतं तर?" मग ती माझ्याकडे बघून हसली, आणि त्यानंतर धसईचा फाटा येईपर्यंत तोंडात पदर घालून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला तिचा इतका अभिमान वाटत होता आणि इतका राग येत होता की दोन्हींपैकी कोणता कोणासाठी होता हे आता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि कणग्यांच्या खोलीत माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. दादाने साइटवाल्यांना लिहिलं होतं, फोटो काढून टाका म्हणून. उत्तर आलं नव्हतं. मी निदान आमच्या घरातून तरी तो प्रोग्राम काढायला घेतला. त्याने दोनदा विचारलं, खरंच काढू का? मी दोनदा हो म्हटलं. एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली, गणपती गेला, महिरप गेली, आणि पडद्यावर शब्द आले की प्रोग्राम यशस्वीरीत्या काढला आहे.

"गेला," मी म्हटलं.

वंदना पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "कशावरून?"